रोजनिशी लिहूनही प्रगती का दिसत नाही?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्वतःला ओळखावे म्हणून रोज रात्री रोजनिशी लिहिते. तरीही गुणांत फरक पडत नाही. सोबत काही पाने पाठवत आहे. माझे काय चुकते?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तुमच्या पानांवर ‘आज लक्ष लागले नाही’, ‘उद्यापासून नेटाने करीन’ अशी वाक्ये वारंवार येतात. ती प्रामाणिक आहेत, परंतु त्यांतून फक्त मनःस्थिती कळते. विषय किती समजला, हे कळत नाही. त्याबाबतचा आपला अंदाजही बहुधा फसवा असतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना तो लक्षात राहण्याची खात्री अधिक होती. प्रत्यक्षात आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, तर एकाच सत्रात वाचून नंतर उतारा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

म्हणून अभ्यासिकेत प्रकरण संपले की पुस्तक मिटावे, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहावे आणि मगच ताडून पाहावे. चाचणीपूर्वी अपेक्षित गुण नोंदवून ठेवावेत. उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर प्रत्येक चुकीपुढे संकल्पनाच कळली नव्हती, सूत्र आठवले नाही, की एकक लिहायचे राहिले, हे लिहावे. एकक विसरणे ‘निष्काळजीपणा’ म्हणून सोडून दिले जाते (शिक्षकही तेच करतात), पण महिनाभर तीच चूक दिसली तर ती सवय झाली आहे असे समजावे. रोजनिशी बंद करू नका. मात्र रात्री थकून लिहिण्यापेक्षा रविवारी सकाळी या नोंदी समोर ठेवून लिहा.