बीएडच्या विद्यार्थिनीने संशोधन केंद्रात इंटर्नशिप करावी का?

प्रश्न थोडक्यात असा: बीएस्सी वनस्पतिशास्त्र, आता इंदूरला बीएडचं पहिलं वर्ष. जुलै-ऑगस्टमध्ये एका शेतकी संशोधन केंद्रात सोयाबीनवर काम करायची संधी आली आहे. घरचे म्हणतात, त्यापेक्षा शिक्षक पात्रता परीक्षेचा अभ्यास कर. मास्तरणीला संशोधन कशाला?

जरूर जा. मी अशाच एका केंद्रात बरीच वर्षं काम केलं आणि होऊ घातलेले शिक्षक माझ्या हाताखाली आले, त्या अनुभवावरून सांगते.

दोन वर्षांच्या बीएडमध्ये किमान २० आठवडे शाळेत काढावे लागतात, प्रयोगशाळेत एकही नाही. म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक नाही असा प्रयोग कधीही न केलेला माणूस पुढं तीस वर्षं विज्ञान शिकवतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांनी २००७ पासून भावी विज्ञानशिक्षकांना उन्हाळ्यात विद्यावेतन देऊन नासाच्या आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांत पाठवायला सुरुवात केली. पण तितक्या लांब कशाला? आपल्याच मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवणं सुरू झालं. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातली मंडळी गावातल्या शिक्षकांबरोबर बसून तेच प्रयोग करत. शिक्षकानं आधी स्वतः करून पाहायचं, मगच वर्गात न्यायचं. २००२ साली ते बंद पडलं, याची हळहळ मला अजून वाटते.

आता तुमच्या कामाचं. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी मोजायला दिल्या तर रोप उपटू नका, गाठी मातीतच राहतात. खुरप्यानं ढेकळासकट काढा आणि बादलीत भिजत घाला. आपली काळी माती चिवट, घाई केलीत तर बारीक मुळं तुटतात. मग ब्लेडनं गाठ कापून बघा. आत गुलाबी-लाल दिसली तर ती हवेतला नायट्रोजन रोपाला मिळवून देते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच नातलग. आत पांढरी किंवा हिरवट असेल तर तिचं काम सुरू झालेलं नाही किंवा संपलेलं आहे.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं एका वाफ्यातल्या तीन रोपांचे आकडे वहीत लिहिलेच नव्हते. म्हणाली, फार कमी आले, चुकीचे वाटले. मी तिला पुन्हा शेतात घेऊन गेले. तिथं जमीन जराशी खोलगट होती, पाणी तुंबलं होतं. मुळांना हवा नाही, म्हणून गाठी नाहीत. ज्याला ती चूक समजत होती तेच त्या दिवसाचं सगळ्यात मोलाचं निरीक्षण होतं. ‘उत्तर जुळलं नाही’ म्हणून मुलं मागच्या पानावरून आकडे उतरवतात ना, त्यांना काय सांगायचं ते तिला तिथं उमगलं. हे कुठल्याही पाठ-टाचणात मिळत नाही.

म्हणून मार्गदर्शकाकडे पहिल्याच दिवशी एक गोष्ट मागा: लहान का होईना, एक प्रश्न पूर्णपणे तुमचा हवा. युरिया जास्त पडलेल्या वाफ्यात गाठी कमी येतात का, एवढासुद्धा चालेल. यंत्रं दाखवून फिरवणं आणि शेवटी प्रमाणपत्र, इतकंच असेल तर घरच्यांचं ऐका. आणि माझ्या वैज्ञानिक मित्रांनाही सांगणं आहे, या मुलांना फक्त बाटल्या धुवायला आणि आकडे भरायला बसवू नका. तुम्ही एखादा निष्कर्ष का फेकून दिलात, हे त्यांच्यासमोर मोठ्यानं बोला.

परीक्षेचा अभ्यास संध्याकाळी होतो. पावसाळ्यातलं शेत संध्याकाळी उरकत नाही. रोजची वही मात्र हिंदीत ठेवा, कारण वर्गात तीच भाषा कामी येणार.

शाळेत हे करायला खुरपं, बादली, ब्लेड आणि शेजारचा एखादा शेतकरी पुरतो. ब्लेड तुमच्याच हातात ठेवा. पेरणीनंतर साधारण चाळीस दिवसांनी जा. मालकाला आधी विचारा, रोपं जातात त्याची. तो बांधालगतची ओळ देतो म्हणाला तर आनंदानं घ्या, फक्त मुलांना त्या रोपांचे आकडे वेगळे लिहायला लावा, कडेची रोपं आतल्यांसारखी वाढतातच असं नाही.