स्पॅनिश शिकताना मराठी बाजूला ठेवू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला. सबजंक्टिव्हपाशी, म्हणजे इच्छा किंवा शंका सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपापाशी, अडकलीयस आणि आता कोर्सच सोडावासा वाटतोय म्हणालीस. सोडू नकोस गं. आधी एक सांग, वहीत स्पॅनिश वाक्याखाली अर्थ इंग्रजीत लिहितेस ना? मीपण पहिली दोन वर्षं तेच केलं, पुस्तकं इंग्रजीतली, नियमही इंग्रजीवाल्यांच्या सोयीने समजावलेले, आणि मी ‘आय लाइक’ची नक्कल करत ‘यो गुस्तो’ असलं काहीतरी लिहून वहीभर लाल शेरे घेऊन घरी यायचे. मग कधीतरी डोक्यात शिरलं की ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे सरळ ‘मला कॉफी आवडते’. मे म्हणजे मला, बस. आणि आंबे आवडत असतील तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात, क्रियापद आंब्यांप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही. हे तुला कुणी शिकवायची गरजच नाही, तू लहानपणापासून असंच बोलतेस.

‘पर्सनल आ’चा, म्हणजे कर्म माणूस असेल तर त्याआधी लागणाऱ्या ‘आ’चा धडा आठव. ‘बेओ ला पेलिकुला’ म्हणजे सिनेमा बघते, पण ‘बेओ आ मि एर्माना’ म्हणजे बहिणीला बघते. आपणही ‘सिनेमाला बघते’ म्हणत नाही, पण बहीण आली की ‘ला’ लागतोच. किंवा ‘से मे कायो एल बासो’ घे, माझ्या हातून ग्लास पडला. मी पाडला नाही, पडला. मला हे वाक्य कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता, आजही होतो.

आता तुझा सबजंक्टिव्ह. ‘किएरो के बेंगास’ म्हणजे तू यावंस असं मला वाटतं. ‘येतेस’चं ‘यावंस’ झालं ना, तसंच ‘बिएनेस’चं ‘बेंगास’ झालं. ‘ओहाला युएबा’ म्हणजे पाऊस पडो (ओहाला हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला, स्पेनमध्ये कित्येक शतकं अरबी बोलली जायची). सगळीकडे असं जुळणार नाही हे मात्र लक्षात ठेव, ‘ती येईल असं वाटत नाही’ इथे आपण साधा भविष्यकाळ वापरतो आणि ते सबजंक्टिव्ह वापरतात, कारण मनात शंका आहे. पण दार तरी उघडतं. भूतकाळाचंही तसंच, ‘कोमी’ म्हणजे जेवले आणि ‘कोमीआ’ म्हणजे जेवायचे किंवा जेवत होते.

जिथे मराठी कामाला येत नाही ती ‘असणं’ची दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. आपल्या एका ‘आहे’त दोन्ही मावतात. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळलाय. कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार, हा नियम पाठ केला असशील तर विसर, कारण माणूस मेलाय हे एस्तारने सांगतात आणि माद्रिद स्पेनमध्ये आहे हेही एस्तारनेच. जागा आणि अवस्था एस्तारकडे, ओळख आणि स्वभाव सेरकडे, असं धर आणि वाचत जा. शब्दांच्या लिंगाला मात्र इलाज नाही, ‘ला मानो’, ‘एल प्रोब्लेमा’, ‘एल दिया’ असे शब्द आधीच्या ‘एल’, ‘ला’ या आर्टिकलसकटच पाठ कर.

साहित्याचं विचारलंस. सेर्वान्तेसच्या ‘दोन किहोते’ कादंबरीने सुरुवात करू नकोस, त्याचे दोन भाग 1605 आणि 1615 चे आहेत, ती स्पॅनिश आत्ता तुला दमवेल. आधी ग्वाटेमालाचा लेखक मोन्तेर्रोसो याची डायनासोरची गोष्ट घे, 1959 सालची, अख्खी सात शब्दांची. कुणीतरी जागं होतं आणि डायनासोर अजून तिथंच असतो, एवढंच. जागं होणं ‘देस्पेर्तो’, एकदा घडून संपलेलं, आणि डायनासोरचं असणं ‘एस्ताबा’, आधीपासून चालूच, तुझे दोन्ही भूतकाळ एका ओळीत आले, आणि एस्तारही. जागं कोण झालं ते स्पॅनिशमध्ये कळतच नाही, तो की ती. मराठीत जागा झाला की जागी झाली हे ठरवावंच लागतं. मी किती दिवस त्यावर अडले होते, मग सुचलं, ‘जाग आली’ म्हण, प्रश्न मिटला.

त्यानंतर मेक्सिकोचा हुआन रुल्फो. 1953 चा कथासंग्रह आणि 1955 ची कादंबरी, दोन्ही बारीकशी पुस्तकं. कथासंग्रहात एक गोष्ट आहे, सरकारने शेतकऱ्यांना जमीन दिलीय पण सगळं उजाड माळरान, ते पहाटेपासून चालतायत आणि पावसाचा एकच टपोरा थेंब पडतो. वाक्यं छोटी, गावाकडच्या माणसाच्या बोलण्यासारखी. डिक्शनरी लागेल तेव्हा रेआल आकादेमियाची, म्हणजे स्पेनच्या भाषा अकादमीची वापर, नेटवर फुकट आहे, आणि अर्थ मराठीत लिही.

डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची घाई नको. ते सर्टिफिकेट कधी एक्स्पायर होत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी दिलीस तरी चालेल. आत्ता फक्त त्या थेंबाचा परिच्छेद मराठीत करून पाठव, मग फोनवर बोलू.

तुझी ताई