बदलीवरच्या घरांची शाळा : पालकांचे ऐकावे की मुलांचे?

गेल्या काही महिन्यांत सैन्यदलातील कुटुंबांकडून शाळांविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे पती लष्करात नायब सुभेदार आहेत. ते फील्डवर, म्हणजे कुटुंबाला सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी असल्यामुळे मी दोन्ही मुलांना घेऊन ऐरोलीत राहते. आता त्यांची बदली राज्याबाहेरच्या एका छावणीत, पीस स्टेशनवर (कुटुंबासह राहता येते अशा ठिकाणी) झाली असून तिथे कुटुंबासाठी क्वार्टर मिळणार आहे. मोठी मुलगी इथल्या सीबीएसई शाळेत आठवीत आहे, एप्रिलपासून ती नववीत जाईल. छावणीतल्या शाळेची चौकशी केली तेव्हा एकाच शाळेबद्दल चार तऱ्हेची मते कानांवर आली. एका अधिकाऱ्यांच्या पत्नी म्हणाल्या की शिस्त आणि खेळ यांत ती शाळा उत्तम आहे. युनिटमधल्या एका वहिनींनी सांगितले की वर्षभरात गणिताचे शिक्षक तीनदा बदलले. तिथून दहावी झालेली एक मुलगी म्हणते की तिची सर्वांत आनंदाची वर्षे तिथलीच, आणि तिचाच भाऊ म्हणतो की त्या शाळेचे नावसुद्धा काढू नका. मी कोणाचे खरे मानू?
— एक आई, ऐरोली

उत्तर : आपण ऐकलेली चारही मते खरी असण्याचीच शक्यता जास्त आहे, कारण ती देणाऱ्या चौघांनी त्या शाळेकडून चार वेगळ्या गोष्टींची अपेक्षा केलेली आहे. म्हणून मत ऐकताना आधी एवढे विचारून घ्यावे की सांगणाऱ्याचे मूल त्या शाळेत केव्हा दाखल झाले, किती दिवस राहिले आणि कोणत्या इयत्तेत बाहेर पडले. पहिलीत येऊन तिसरीत गेलेल्या मुलाच्या आईला आणि नववीच्या मध्यावर, डिसेंबरात येऊन पडलेल्या मुलाच्या आईला एकच शाळा दोन निराळ्या शाळांसारखी दिसते.

शिक्षक बदलण्याची तक्रार मी गांभीर्याने घेतो. लष्कराच्या शाळा चालवण्यासाठी १९८३ मध्ये आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि आज देशभरातील छावण्यांत तिच्या आर्मी पब्लिक स्कूल आहेत. या शाळांत शिकवणाऱ्यांमध्ये सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पत्नी बऱ्याच असतात. पतीची बदली झाली की त्याही जातात, आणि काही नेमणुका मुळातच ठरावीक मुदतीच्या असतात. यात त्या शिक्षिकांचा दोष नाही. अनेकदा त्या मुलांना सर्वांत चांगल्या समजून घेतात, कारण त्यांची स्वतःची मुलेही त्याच वर्गांत शिकत असतात. परंतु नववी-दहावीत गणित आणि विज्ञानाचा शिक्षक मध्येच गेला तर नुकसान होतेच. तेव्हा शाळेत गेल्यावर ‘शिक्षक चांगले आहेत का’ असे विचारू नये, त्याला उत्तर एकच मिळते. नववीला आणि दहावीला गणित कोण शिकवते, ते या शाळेत कधीपासून आहेत आणि गेल्या वर्षी कोणी मध्येच सोडून गेले तेव्हा तो वर्ग कोणी सांभाळला, हे विचारावे. त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चटकन आणि नावानिशी मिळाले तर त्या शाळेला आपल्या अडचणीची जाण आहे असे समजावे.

आता मुलांच्या मतांकडे वळतो, कारण चौकशी करणारे पालक तिथवर क्वचितच पोहोचतात. त्या मुलीला आनंद कशाचा झाला असेल याचा अंदाज मला अशा अनेक मुलांशी बोलून आला आहे. नागरी शाळेत वर्षाच्या मध्ये आलेले मूल एकटे नवे असते. छावणीतल्या शाळेत निम्मा वर्ग कधी ना कधी तसाच आलेला असतो. बाबा कुठे आहेत, सुट्टी कधी मिळणार, फोन का लागत नाही, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता त्या दिवसांत हा फरक किती मोठा होता, हे आपल्यासारख्या घरांना मी वेगळे सांगायला नको. पालकांच्या तुलनेच्या तक्त्यात निकाल, शुल्क, बस, मैदान हे सगळे असते. ही एक गोष्ट नसते, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी ती फार मोलाची आहे. तिच्या भावाची नाराजीही त्याच वस्तुस्थितीतून आली असणार. जिथे सगळेच येतात तिथून सगळेच जातातही. जिवलग मित्र दर मार्चमध्ये निघून गेला की काही मुले नव्याने मैत्री करणेच सोडून देतात. भाऊ मुळात अबोल असेल तर त्याला ते अधिक लागले असेल. आपली मुलगी दोघांपैकी कोणासारखी आहे, हे मात्र आपणच ओळखू शकता.

अभ्यासाच्या बाबतीत एक गोष्ट नीट पाहावी. मंडळ एकच, पाठ्यपुस्तके एनसीईआरटीचीच, म्हणून शाळा बदलली तरी फरक पडत नाही असे सांगितले जाते. पुस्तक तेच असले तरी धड्यांचा क्रम प्रत्येक शाळेचा आपापला असतो. दिवाळीनंतर शाळा बदललेल्या एका विद्यार्थ्याच्या नववीच्या विज्ञानाच्या वह्या मी पाहिल्या होत्या. पहिल्या शाळेने जीवशास्त्र आधी घेतले होते आणि दुसरीने भौतिकशास्त्र, त्यामुळे पेशीचा धडा दोन्ही वह्यांत पूर्ण, आकृत्यांसह होता आणि बल व गतीचे नियम एकाही वहीत नव्हते. वार्षिक परीक्षा जवळ येईपर्यंत हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. अमेरिकेत सैनिकांच्या मुलांसाठी सर्व ५० राज्यांचा मिळून एक करार आहे. शाळा बदलताना दाखले, वर्ग आणि पूर्ण झालेले विषय यांवरून मुलाची अडवणूक होऊ नये अशी तजवीज त्यात आहे. आपल्याकडे सीबीएसईच्या सामाईक अभ्यासक्रमाने बरेचसे काम भागते, पण राहिलेला धडा शोधून भरून काढण्याची जबाबदारी त्या त्या शाळेवर आणि घरावर पडते. मध्येच आलेल्या मुलाची मागची वही कोणी तपासते का, जादा तास होतात का, हे विचारल्याशिवाय प्रवेशाचा अर्ज भरू नये. सैनिकी कुटुंबांच्या शाळेची पारख माझ्या मते याच ठिकाणी होते. दहावीचा निकाल त्यानंतर पाहावा.

आपल्या निर्णयाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सीबीएसईच्या दृष्टीने नववी आणि दहावी हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. विद्यार्थ्याची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत प्रवेश हवा असल्यास पालकांची बदली यासारखे कारण दाखवून मंडळाची परवानगी घ्यावी लागते. परवानगी मिळते, पण त्या धावपळीचा ताण मुलीवर येतो. म्हणून ही पोस्टिंग दोन्ही वर्षे पुरेल अशी शक्यता असेल, तर मुलीला जरूर न्यावे. इतकी वर्षे वडील सुट्टीपुरते दिसलेल्या मुलीला दोन वर्षे त्यांच्यासोबत राहायला मिळणे ही लहान गोष्ट नाही. पोस्टिंग एका वर्षातच संपण्याची चिन्हे असतील, तर दहावी ऐरोलीतच होऊ द्यावी. युनिटच्या कार्यालयात आताच विचारून ठेवावे की बोर्डाच्या वर्षात बदली झाल्यास क्वार्टर ठेवता येईल का. खर्चाचा हिशेब करताना मुलांचा शिक्षण भत्ता धरावा. १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा प्रत्येक मुलामागे २,८१२ रुपये ५० पैसे असून दोन मुलांपर्यंत मिळतो, आणि मूल इथल्या शाळेत राहिले तरी त्यावरचा हक्क जात नाही.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो. सैनिकांच्या मुलांसाठीच्या शाळेत मी बारावीला आहे. शाळेने अभिप्रायाचे अर्ज वाटले, पण ते पालकांसाठी होते. बाबांनी तो फोनवर मला विचारत विचारत भरला आणि सगळीकडे ‘समाधानकारक’ लिहिले. आमचे मत वेगळे आहे. ते कोणी विचारत नाही. लिहून दिले तर उद्धटपणा ठरेल का?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : ठरणार नाही, आणि तू जरूर लिहून द्यावेस. तुझे बाबा हजारो किलोमीटरवरून ज्या शाळेबद्दल लिहितात, त्या शाळेत तू रोज सहा-सात तास बसतोस. पत्र तक्रारीच्या सुरात न लिहिता एका मुद्द्यावर लिही, आणि त्यात काय घडले, कधी घडले आणि काय केले तर बरे होईल एवढेच असू दे. ‘शाळेत फार बंधने आहेत’ या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही; ‘पाहुण्यांच्या स्वागताच्या सरावासाठी बारावीचे प्रात्यक्षिकांचे तास बुडाले, सरावासाठी खालचे वर्ग घ्यावेत’ या वाक्यावर प्राचार्यांना निर्णय घेता येतो. अशा शाळांच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद बहुधा तिथल्या लष्करी अधिकाऱ्याकडे असते आणि त्यांचीही बदली होते. म्हणून तोंडी सांगितलेले त्यांच्यासोबत निघून जाते, कागदावरचे पुढच्यांच्या हाती राहते. पत्राखाली चार-पाच वर्गमित्रांच्या सह्या घे, आणि शाळेत जे चांगले वाटले तेही मनापासून लिही, कारण पुढच्या वर्षी तिथे येणाऱ्या मुलांना त्याचाही उपयोग आहे.

प्रश्न : मी हवालदार म्हणून निवृत्त झालो असून कळव्यात राहतो. मुलगा पाचवीत आहे. सातारा सैनिक स्कूल ही आम्हा सैनिकांच्या मुलांसाठीची शाळा आहे, तर तिथे आम्हाला थेट प्रवेश का मिळत नाही?
— एक माजी सैनिक, कळवा

उत्तर : हा समज फार पसरलेला आहे, पण सैनिक स्कूल ही सैनिकांच्या मुलांसाठी राखून ठेवलेली शाळा नव्हे. साताऱ्याची शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली, आणि कोणत्याही घरातील मुलाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करावे हा तिचा हेतू होता. तिथे सहावी आणि नववीला अखिल भारतीय प्रवेश परीक्षेतूनच प्रवेश मिळतो. आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असल्या तरी परीक्षा त्यांनाही द्यावी लागते. २०२१ पासून मुलींनाही प्रवेश खुला झाला आहे.

सैनिकांच्या बदल्या डोळ्यांसमोर ठेवून निघालेल्या शाळा म्हणजे केंद्रीय विद्यालये. १९६३ मध्ये २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन त्यांची सुरुवात झाली, आणि प्रवेशाच्या प्राधान्यक्रमात माजी सैनिकांची मुले आजही पहिल्या गटात आहेत. आपल्या बाजूला अंबरनाथच्या आयुध निर्माणीत आणि उरणजवळ करंजा येथील नौदलाच्या शस्त्रागारात अशी विद्यालये आहेत. कळव्याहून अंबरनाथ लोकलने गाठता येते, पण सहावीत प्रवेश रिकाम्या जागांवर अवलंबून असल्याने एप्रिलच्या सुमारास विद्यालयात जाऊन पाहावे.

सैनिक स्कूलचाच विचार पक्का असेल, तर सहावीसाठी ३१ मार्च रोजी मुलाचे वय १० ते १२ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. मात्र ती निवासी शाळा आहे. आपण नोकरीची वर्षे घरापासून दूर काढलीत आणि आता कुठे मुलगा आपल्या सहवासात आला आहे, तेव्हा त्याला स्वतःला वसतिगृहात राहायचे आहे का, हे अर्ज भरण्याआधी त्याच्याशी निवांत बसून बोलावे. माजी सैनिक असल्याच्या दाखल्यासाठी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक घेऊन जावे, आणि त्यातील मुलाच्या नावाची व जन्मतारखेची नोंद शाळेच्या दाखल्याशी जुळते का, ते निघण्यापूर्वी तपासावे.