अर्धा खोका पाठवू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी तुझा उत्साह पाहूनच इतकं बरं वाटलं की मजकुराकडे लक्ष राहिलं नाही. तिघी मैत्रिणी, शाळेच्या माळ्यावर धूळ खात पडलेले रोबोटिक्सचे जुने संच, घराघरांतून जमवलेले लेगोचे ठोकळे, आणि ज्या शाळांत यातलं काहीच नाही तिथे ते पोचवायचं. मीही कधीकाळी हेच करायला निघालो होतो आणि पहिल्याच वर्षी सपशेल आपटलो. ते तुला सांगितलेलं बरं.

त्या वर्षी आम्ही मिळेल ते जमवलं, खोक्यांत भरलं, वर रंगीत कागद चिकटवला आणि एका शाळेला दिलं. फोटोही काढले. चार महिन्यांनी सहज डोकावलो तर खोकी कपाटात आणि कपाटाला कुलूप. मला रागच आला. तिथल्या बाईंनी काही न बोलता एक खोकं उघडून माझ्यापुढे ठेवलं. कंट्रोलर, म्हणजे रोबोटचा मेंदू असलेली डबी, होता, मोटारी होत्या, पण मोटार कंट्रोलरला जोडायला एकही केबल नव्हती. "पोरांना नुसतं दाखवून परत ठेवायचं का?" एवढंच त्या म्हणाल्या. आमच्या घरची अडगळ आम्ही त्यांच्या कपाटात नेऊन ठेवली होती, दुसरं काही नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसलोय. शंभर अर्धे संच जमले तर त्यांतून चाळीसच पूर्ण होऊ देत, पण अर्धा एकही बाहेर जाता कामा नये.

आता "पूर्ण" कशाला म्हणायचं? लेगोच्या माइंडस्टॉर्म्स या रोबोट-संचांच्या मालिकेतला एक म्हणजे ईव्ही३. त्याच्या शाळांसाठीच्या मूळ संचात ५४१ तुकडे असत. ते सगळे मोजत बसलीस तर तुझी बारावी तिथेच होईल. तुकडे एकमेकांना जोडायच्या वीसेक बारीक पिना कमी असल्या तर काही बिघडत नाही, पण काही वस्तू अशा आहेत की एक नसली तरी खोकं मेलं: कंट्रोलर, दोन मोठ्या मोटारी, निदान एक सेन्सर, पुरेशा केबली, बॅटरी आणि चार्जर. चार्जरचं मुद्दाम सांगतो. त्या शालेय संचात चार्जिंगची बॅटरी असायची, चार्जर मात्र वेगळा घ्यावा लागायचा. त्यामुळे देणारा प्रामाणिकपणे "सगळं दिलं" म्हणतो आणि चार्जर त्याच्याच टेबलाच्या खणात राहतो. संच घेतानाच विचारून टाक.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. ज्या मुलीने खोकं लावलं नाही, तिच्या हातात ते द्यायचं आणि त्यातल्याच तुकड्यांनी दोन मोटारींची एक चालती गाडी बनवायला सांगायची. बाजूच्या ढिगातून एकही तुकडा उचलायचा नाही. गाडी पुढे गेली, मागे आली, वळली, की खोकं बंद करून चिकटपट्टी लावायची. यादीवर सगळ्या खुणा करूनही जे निसटतं, ते इथे सापडतं. एकदा यादीत सात केबली होत्या आणि खोक्यातही सातच होत्या, पण सगळ्या इतक्या आखूड की मागच्या मोटारीपर्यंत पोचेनात.

पिढ्यांची खिचडी करू नकोस. माइंडस्टॉर्म्सचा आरसीएक्स १९९८ चा, एनएक्सटी २००६ चा, ईव्ही३ २०१३ चा, आणि २०२२ च्या अखेरीस कंपनीने माइंडस्टॉर्म्स हे नावच बंद केलं. एनएक्सटी आणि ईव्ही३ यांच्या केबली सारख्या असतात, एनएक्सटीच्या मोटारी ईव्ही३ वर चालतात. त्यामुळे या दोन ढिगांतून एकमेकांची उसनवारी करता येते. स्पाइक प्राइम या लेगोच्याच दुसऱ्या रोबोट-संचाचं जोडणं पूर्ण वेगळं आहे, ते त्या ढिगाजवळही नेऊ नकोस. आरसीएक्स मिळाला तर तुमच्याच कपाटात शोभेला ठेव. त्याला संगणकाशी बोलायला इन्फ्रारेडचा वेगळा मनोरा लागतो, आणि तो धड अवस्थेत मिळाला तर मला पण दाखव.

माल आला की सगळ्यात आधी, बाकी काही करायच्या आधी, प्रत्येक बॅटरीचं झाकण उघड. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या कंट्रोलरमध्ये साधे सेल गळलेले असतात आणि पट्ट्यांवर पांढरट-हिरवट खरड जमते. अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कली असतं, म्हणून कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसलं की ते निघतं. हातमोजे घाल, डोळे सांभाळ. मग कोरड्या कापडाने पुसून पूर्ण वाळू दे. चार्जिंगची लिथियमची बॅटरी मात्र फुगलेली दिसली तर तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्ज करून बघायचं तर मुळीच नाही. वेगळी ठेवायची आणि मोठ्या माणसाकरवी ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. ईव्ही३ साध्या सहा डबल-ए सेलवरही चालतो, म्हणजे बॅटरी गेली म्हणून कंट्रोलर टाकून द्यायचं कारण नाही.

धुणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि तेच सगळे घाईत उरकतात. पाणी कोमट, ४० अंशांच्या आत, थोडा साबण, ठोकळे जाळीच्या पिशवीत. उकळतं पाणी किंवा ड्रायर वापरलास तर प्लास्टिक वाकेल आणि ठोकळे एकमेकांत बसणार नाहीत. मोटारी आणि सेन्सर पाण्यात घालायचे नाहीत, हे सांगायची गरज नसावी, पण मी एकदा घातलेले पाहिले आहेत. खरी अडचण वाळवण्याची. ठोकळ्याच्या पोटातल्या नळ्यांत पाणी अडकतं. दोन दिवस चादरीवर पसरून ठेव, मधूनमधून हलव. ओले भरलेस तर खोकं उघडताच कुबट वास येतो, आणि तुमच्या कामाची पहिली ओळख तोच वास ठरतो.

वर्गवारी रंगावरून करू नकोस, आकारावरून कर. सुरुवातीला रंगांचे ढीग फार सुंदर दिसतात, पण लाल ढिगात हवा तो लाल तुकडा शोधताना डोळे फुटतात. उलट एकाच आकाराच्या ढिगात हवा तो रंग नजरेला लगेच सापडतो. दांड्यांची लांबी अंदाजाने ठरवायची नाही. भोकांच्या पट्टीवर ठेवून किती भोकं भरतात ते मोजायचं. पिनांकडेही बघ. काळी पिन घट्ट बसते, करडी मोकळी फिरते. दोन्ही एका डबीत टाकल्यास तर कुणीतरी चाकाला काळी लावेल आणि मग "मोटारच खराब आहे" म्हणेल.

वीज लागणारं काहीच नसलेल्या नुसत्या ठोकळ्यांना कमी लेखू नकोस. या ठोकळ्याचं पेटंट १९५८ चं आहे आणि त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. वर आठ गोल उंचवटे असलेले, एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतलेस तर ते ९१ कोटींहून अधिक प्रकारे जोडता येतात. जिथे वीज जाते-येते, संगणक एकच आहे, तिथे दात्यांची चाकं, दांडे आणि पट्ट्या यांचं एक नीट खोकं रोबोटपेक्षा जास्त वापरलं जातं. लहान चाक मोठ्याला फिरवतं तेव्हा वेग घटतो आणि जोर वाढतो, हे हाताला कळायला बॅटरी लागत नाही. तीन वर्षांखालची भावंडं खेळणार असतील तिथे मात्र बारीक तुकडे जायला नकोत.

शाळेला काय हवंय हे आधी विचार. तुला वाटेल त्यांना रोबोट हवा असेल. त्यांचा पहिला प्रश्न असतो, संगणक लागतो का? ईव्ही३ ला थोडक्यात भागवायचं तर लागत नाही. त्याच्याच पडद्यावर, बटणं दाबून छोटा प्रोग्रॅम करता येतो. तासभर बसून हे शिक्षकांना स्वतः दाखव. आणि जाताना छापील पानं ने, कारण लिंक कुणी उघडत नाही. खोक्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावायचा आग्रह कुणीतरी धरेलच. तू धरू नकोस.

पोचवल्यावर निदान दोनदा परत जा, फोटो काढायला नव्हे तर काय मोडलं, काय हरवलं ते बघायला. प्रत्येक खोक्यात जास्तीच्या पिनांची एक पुडी ठेव. हरवलेल्या तुकड्याबद्दल ओरडा बसणार असेल तर मुलं खोकं उघडणारच नाहीत, आणि हे शाळेतल्या बाईंना तूच सांगायचं आहेस. तुझ्या वयाच्या मुलीने सांगितलेलं त्या ऐकतात, माझं ऐकत नाहीत.

आणखी एक. दोन वर्षांनी तू शाळा सोडशील. आरंभशूर मंडळी मी खूप पाहिली, दोष त्यांचा नसतो, त्यांच्या मागे कुणी नसतं. आत्तापासून सातवी-आठवीतल्या दोघांना धुण्यापासून सोबत घे. एक वही ठेव: कुठलं खोकं कुठे गेलं, कधी बघितलं, काय बदललं. वही तुझ्या घरी नको, शाळेत ठेव.

पहिलं खोकं बंद करशील तेव्हा आत काय काय भरलंस ते लिहून कळव.

तुझे,
सर

ता. क. माझ्याकडे एनएक्सटीच्या अकरा केबली आहेत, पाच लांब, सहा आखूड. चार्जर एकही नाही. तुझ्याकडे जास्तीचा असेल तर अदलाबदल करू.