अर्ध्या टाकीचं गणित

चिरंजीव,

मेसेज मिळाला. ड्रोन उडवायचं, रिमोट पायलटचं सर्टिफिकेट आलं, आता ‘टेस्ट पायलट’ व्हायचंय म्हणतोस. अभिनंदन. पण लेका, दहावी पास, वय 18 पूर्ण आणि मान्य संस्थेतलं थोड्या दिवसांचं ट्रेनिंग, एवढ्यावर ते मिळतं. माहितीतलं ड्रोन तुला नीट उडवता येतं, इतकाच त्याचा अर्थ. टेस्टिंगला जे यंत्र येतं ते कसं वागेल हे बनवणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसतं.

बंगळूरला हवाई दलाचं टेस्ट पायलट स्कूल 1973 पासून आहे. तिथं पायलटबरोबर फ्लाइट टेस्ट इंजिनिअरही, म्हणजे चाचणी आखून तिचे आकडे बघणारा, घडवतात. हे दोघं का लागतात ते मला कोल्हापूरजवळ करवीरच्या उसात कळलं.

फवारणीचं ड्रोन होतं, 10 लिटरची टाकी. रिकाम्या टाकीनं उडवलं, झकास. काठोकाठ पाणी भरून उडवलं, तेही झकास. मधलं आपोआप बरोबर असणार, असं धरून चाललो आणि शेतमालकाला दाखवायला अर्धी टाकी भरून सोडलं. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते. अर्ध्या टाकीत असते. सरीच्या टोकाला ब्रेक लागला की पाणी पुढं धावायचं, नाक खाली जायचं, ड्रोनमधला कंट्रोलर ते उचलायचा, तोवर पाणी मागं. चौथ्या वळणाला ड्रोन आडवं होऊन उभ्या उसात गेलं. दोन तास शोधलं. पाल्यानं मान आणि हात चिरून निघाले. बॅटरी सुटून पडली होती, त्यामुळं पडलेलं ड्रोन सापडावं म्हणून वाजणारा बझरही गप्प.

रात्री लॉग, म्हणजे ड्रोननं नोंदवलेले उड्डाणाचे आकडे, उघडला तर दुसऱ्याच वळणाला नाकाचा झोका दुप्पट झालेला स्पष्ट दिसत होता. पण बघायला होतं कोण? स्टिक माझ्या हातात, आणि स्क्रीनपुढचा पोरगा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. त्याला काय बघायचं आणि कधी ‘थांब’ म्हणायचं, हे मीच सांगितलं नव्हतं.

म्हणून शिकायचं ते टेस्ट कार्ड लिहायला. उड्डाणाआधी कागदावर: आज कोणती एकच गोष्ट बदलली, काय होईल असं वाटतं, कोणता आकडा दिसला की थांबायचं. टाकी पाव, अर्धी, पाऊण अशी चढवायची. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत वितळलेल्या धातूचा रस ओतताना तपासणीसाठी टेस्ट बार वेगळा काढतात, गिऱ्हाइकाची घाई असली तरी. तसंच हे. आणि ‘थांब’ म्हटल्यावर पायलटनं का विचारायचं नाही. आधी उतरवायचं, वाद चहाच्या वेळी.

पडणार हे धरूनच जागा निवडायची. आपल्याच हायवेनं खाली चित्रदुर्गकडं गेलास की चळ्ळकेरेला डीआरडीओची चाचणी रेंज आहे. 17 सप्टेंबर 2019 ला त्यांचं रुस्तम-2 हे बिनपायलटचं विमान त्या भागातल्या शेतात पडलं. माणसाला इजा झाली नाही. एवढ्या मोठ्यांचं पडतं तर आपलं पडेलच. ते रिकाम्या जागी पडावं, हे मात्र आपल्या हातात असतं.

आणि नियम. 2021 च्या ड्रोन नियमांत संशोधनासाठी कॉलेज, मान्यताप्राप्त स्टार्टअप, उत्पादक यांना टाइप सर्टिफिकेटची (ड्रोनच्या मॉडेलला लागणाऱ्या मंजुरीची) सूट आहे, पण ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही अशा हद्दीत, आणि आपल्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत. उजळाईवाडीच्या विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरांत 200 फुटांच्या वर परवानगीशिवाय जायचं नाही; त्याहून जवळ तर नियम आणखी कडक. गोकुळ शिरगावात शेड घेतलेले दोस्त इथंच फसतात: शेड स्वस्त पडली, पण विमानतळ कुंपणाला लागून. रोज सकाळी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा झोनचा नकाशा बघ, कालचा धरू नकोस.

रविवारी सहाला ये. ऊन चढलं की वारा सुटतो. ड्रोन आणू नकोस, वही आण. मी उडवेन, तू स्क्रीनपुढं बसशील. त्या फडातला ऊस आता तुटलाय.

तुझा,
काका