कोळशाच्या बॉयलरचं घर भाड्याने घेताय?

पोलंडमधल्या कातोवित्सेजवळ कोळशावर तापणारं जुनं घर कमी भाड्यात मिळतंय, बायको आणि लहान मुलगी सोबत आहे, घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. गॅसवर किंवा शहराच्या गरम पाण्याच्या लाइनवर तापणारं घर मिळत असेल तर हे घेऊ नका. भाड्यात वाचलेले पैसे कोळसा खातो.

सोलापूरच्या थंडीला एक चादर पुरते. पोलंडमध्ये ऑक्टोबर ते एप्रिल घर तापवावं लागतं. भिंतींना इन्सुलेशन नसलेल्या घराला हंगामात ४ टन कोळसा सहज लागतो. म्हणजे २५ किलोच्या १६० गोण्या तळघरात उतरवायच्या आणि दोन-तीनशे किलो राख वर आणायची. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच भरा, डबा घराबाहेर ठेवा. वरून गार दिसली तरी आतले निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसतात.

खरी भीती धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस सर्दीताप समजून झोपी जातो. थंडी नको म्हणून खिडक्यांच्या फटी बुजवल्या, वर फोडणीच्या वासासाठी एक्झॉस्ट लावला, की घरातली हवा बाहेर ओढली जाते आणि धुराड्यातला धूर उलटा आत येतो. म्हणून बॉयलरच्या खोलीतली हवेची जाळी कधीही झाकू नका. त्या खोलीत एक आणि झोपायच्या खोलीत एक कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. धुराडं दर तीन महिन्यांनी साफ करून घेणं तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे. साचलेली काजळी पेटली तर धुराडं तडकतं.

‘बॉयलर ऑटोमॅटिक आहे’ असं घरमालक सांगेल. कोळसा आत ढकलणाऱ्या स्क्रूत दगड अडकला की शिअर पिन, म्हणजे स्क्रू वाचवण्यासाठी मुद्दाम कमजोर ठेवलेली खीळ, तुटते. मग कोळशाची टाकी उपसून दगड काढा, नवी पिन बसवा, पुन्हा पेटवा. ओल्या कोळशातलं गंधक टाकी आणि स्क्रू कुरतडतं. वीज गेली की गरम पाणी घरभर फिरवणारा पंप बंद. हाताने कोळसा टाकायच्या बॉयलरमध्ये आग तशीच जळत राहते आणि पाणी उकळतं, म्हणून पंपाला बॅटरी बॅकअप लावून घ्या.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला यायचं म्हणाल, तर मागे आग कोण सांभाळणार? घर गार पडलं की पाइपातलं पाणी गोठतं आणि पाइप फुटतात. शेजाऱ्याकडे किल्ली द्या, नाहीतर सगळं पाणी काढून टाका.

क्राकुफ शहरात १ सप्टेंबर २०१९ पासून कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी आहे. कातोवित्से ज्या सिलेशिया प्रांतात येतं तिथेही जुने बॉयलर वयानुसार टप्प्याटप्प्याने बाद होत आहेत. त्यामुळे करारावर सही करण्याआधी बॉयलरवरच्या पाटीचा फोटो मागवा. त्यावर उत्पादनाचं वर्ष आणि बॉयलरचा वर्ग दिसला पाहिजे (वर्ग जितका वरचा, तितका धूर कमी). पाचव्या वर्गाखालचा असेल तर सोडून द्या. धुराड्याच्या तपासणीचा यंदाचा कागदही मागा. तो दाखवायला टाळाटाळ झाली तर डिपॉझिट देऊ नका.