सायलेन्सर बदलला, आता कार्बोरेटर कसा जमवायचा?

भाऊ, फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर लावल्यावर रेस सोडताना फटफट आवाज येतो, म्हणून लगेच मोठा जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) आणायला धावू नका. आधी इंजिन थंड असतानाच सुरू करून हेडरच्या (इंजिनमधून निघणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपच्या) जोडावर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर गॅस्केट (जोडातली सील) गळतंय. ते बदलल्याशिवाय कार्बोरेटरला हातच लावू नका. एअर फिल्टरही झटका, आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत तो पटकन भरतो.

मग इंजिन दहा मिनिटं चालवून गरम करा. पायलट स्क्रू (कमी रेसचं पेट्रोल-हवेचं मिश्रण जमवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत घ्या (आवळला तर टोक खराब होतं) आणि 2 फेऱ्या बाहेर काढा. तिथून पाव-पाव फेरी फिरवत जा. आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) सगळ्यात चढतं ती जागा बरोबर. नंतर आयडल स्क्रूने आरपीएम कंपनीच्या आकड्यावर आणा.

पायलट स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते. नवखे इथंच फसतात.

पूर्ण रेसला गाडी अडखळत असेल तरच मेन जेट एकच नंबर वाढवा. प्लग पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त, फिकट तपकिरी म्हणजे जमलं. पांढऱ्या प्लगवर मे महिन्यात जालना रोडला गाडी ताणू नका, पिस्टन जाम होऊ शकतो.

एका वेळी एकच बदल करा, आणि तो वहीत लिहा. नीडलची (कार्बोरेटरमधल्या सुईची) क्लिप सध्या आहे तिथंच राहू द्या. बॅलन्सिंग (कार्बोरेटर एकमेकांशी जुळवणं) दोन किंवा जास्त कार्बोरेटर असतील तरच लागतं.